विंडहुकने सांडपाणी परत नळाला आणलं, त्याचं संपूर्ण प्रकरण

नामिबियाची राजधानी विंडहुक १९६८ पासून स्वतःचं सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाईपलाईनमध्ये सोडतंय. थेट म्हणजे खरंच थेट, मध्ये नदी नाही, धरण नाही, जमिनीत मुरवून परत उपसणं नाही, प्लान्टमधून निघालेलं पाणी बाकीच्या पाण्यात मिसळतं आणि लोकांच्या घरी जातं. आपल्याकडे कुणाला हे सांगितलं की लगेच विचारतात, मशीन कुठली बसवली आणि लोक ते पाणी पितात तरी कसे. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, पण हे प्रकरण जितकं वाचत गेलो तितकं मला असं वाटत गेलं की या शहराचं खरं काम मशीनच्या अलीकडे आणि पलीकडे झालंय. गटारात काय सोडू द्यायचं आणि तयार पाणी कधी शहराकडे जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी ठरवलं आणि दशकानुदशकं पाळलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे सोलापूर, लातूर, बीड, धाराशिव अशा शहरांत सांडपाण्याच्या पुनर्वापराची चर्चा सुरू झाली की गाडी सरळ "किती एमएलडीचा प्लान्ट" (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर) इथेच येऊन थांबते.

आधी जागा समजून घेऊ. विंडहुक समुद्रसपाटीपासून साधारण १,६५० मीटर उंचीवर, डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात वसलंय. पाऊस वर्षाला सरासरी ३६०-३७० मिलीमीटर, तोही एका वर्षी बरा आणि पुढची दोन वर्षं जवळपास गायब, आणि बाष्पीभवन मात्र वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर. म्हणजे उघड्यावर साठवलेलं पाणी आकाशच पिऊन टाकतं. नामिबियात बारमाही नद्या फक्त देशाच्या सीमांवर आहेत, मध्ये एकही नाही, विंडहुकला सगळ्यात जवळची म्हणावी अशी बारमाही नदी ओकावांगो, ती जवळपास ७०० किलोमीटर लांब. समुद्र ३०० किलोमीटरच्या आसपास. कुणी म्हणेल मग समुद्राचं पाणी गोडं करून आणा की, तर नुसतं गणित करून बघा, १,००० लिटर पाणी १,६५० मीटर वर चढवायलाच साधारण साडेचार युनिट वीज लागते आणि तीही पंप शंभर टक्के कार्यक्षम आहे असं धरून, जो कधीच नसतो. खारं पाणी गोडं करायची वीज वेगळी, ३०० किलोमीटर पाईपचा खर्च वेगळा.

गाव मुळात झऱ्यांवर वसलं होतं. शहर वाढलं तसे झरे आणि विहिरी-बोअर पुरेनात, पाण्याची पातळी खाली जायला लागली. मग १९५८ च्या सुमारास शहराला लागून गोरेआंगाब नावाचं छोटं धरण बांधलं आणि त्याच्या पाण्यासाठी एक साधा जलशुद्धीकरण प्लान्ट उभारला. तेही लवकरच अपुरं पडलं. पुढे व्हॉन बाख, स्वाकोपपूर्ट आणि ओमाताको ही तीन मोठी धरणं आली, पण ती १९७० च्या आसपास आणि त्यानंतर. १९६० च्या दशकात शहराकडे भरवशाचा असा एकच स्रोत उरला होता जो दुष्काळातही फारसा आटत नाही, तो म्हणजे शहराचं स्वतःचं मैलापाणी.

दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी जलसंशोधन संस्थेबरोबर प्रयोग झाले (तेव्हा हा भाग दक्षिण आफ्रिकेच्याच ताब्यात होता, नामिबिया स्वतंत्र झाला १९९० मध्ये) आणि १९६८ मध्ये त्याच गोरेआंगाब प्लान्टमध्ये बदल करून, धरणाच्या पाण्याबरोबर गाम्माम्स इथल्या मैलाशुद्धी केंद्रातून बाहेर पडणारं पाणीही शुद्ध करायला सुरुवात झाली. क्षमता दिवसाला ४८ लाख लिटरच्या आसपास, म्हणजे आपल्या भाषेत पाच एमएलडीसुद्धा नाही. जगात नागरी पाणीपुरवठ्यासाठी कायमस्वरूपी असं काम त्याआधी कुणी केलेलं नव्हतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. हा निर्णय झाला तेव्हा तिथे वर्णभेदी राजवट होती, बहुसंख्य काळ्या लोकांना मत विचारायची पद्धतच नव्हती, १९५९ मध्ये तर सक्तीच्या स्थलांतराला विरोध करणाऱ्या लोकांवर याच शहरात गोळीबार झाला होता. त्यामुळे "बघा, लोकांनी किती समजूतदारपणे स्वीकारलं" असं जे काही ठिकाणी लिहिलं जातं ते १९६८ पुरतं तरी अर्धवट आहे. लोकांचा विश्वास नंतर मिळाला, वर्षानुवर्षं पाणी चांगलं आल्यामुळे मिळाला, आणि स्वातंत्र्यानंतरच्या महापालिकेने हे काम मोडीत न काढता वाढवलं म्हणून टिकला.

आता गटाराकडे येऊ, माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

घराघरातून येणारं मैलापाणी घाण असतं, पण ते ओळखीचं असतं. त्यात काय असणार हे साधारण माहीत असतं, सेंद्रिय पदार्थ, नायट्रोजन, फॉस्फरस, साबण, जंतू. जीवाणू ते खाऊ शकतात, ओझोन वायू ते तोडू शकतो, कार्बन म्हणजे खास तयार केलेला कोळसा बरंचसं धरून ठेवतो. कारखान्याचं पाणी तसं नाही. कातडी कमावणाऱ्याकडून क्रोमियम येईल, प्लेटिंगवाल्याकडून जड धातू, कुठून सॉल्व्हंट, आणि आज येईल ते उद्या येईलच असं नाही, रात्री दोन वाजता टाकी रिकामी केली की सकाळी प्लान्टमधले जीवाणू मेलेले. विंडहुकने सुरुवातीपासूनच हे ओळखून औद्योगिक भागाचं सांडपाणी वेगळ्या लाईनने वेगळ्या ठिकाणी नेलं. गाम्माम्सला मुख्यतः घरगुती मैलापाणीच जातं, उद्योगांचं पाणी शहराच्या उत्तरेला वेगळं हाताळलं जातं आणि तिथे उजाम्सला त्याच्यासाठी स्वतंत्र आधुनिक प्लान्टही उभा राहिलाय. म्हणजे प्यायच्या पाण्याच्या साखळीची पहिली कडी शहराच्या नकाशावर आहे, कुठला वॉर्ड कुठल्या गटाराला जोडायचा यात आहे. त्याला पैसे लागतात, पण त्याहून जास्त लागते ती नाही म्हणायची तयारी, एखाद्या उद्योजकाने घरगुती लाईनला जोडणी मागितली तर ती द्यायची नाही, कितीही सोयीचं असलं तरी.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. नाल्यात घरचं पाणी, गॅरेजचं ऑईल, कत्तलखान्याचं, डाईंगवाल्याचं रंगीत पाणी, दवाखान्याचं, पावसाचं सगळं एकत्र आणि नाल्याच्या शेवटी बांध घालून ते उचलून एसटीपीत, म्हणजे मैलाशुद्धी केंद्रात, टाकायचं. कागदावर तो एसटीपी तितक्याच एमएलडीचा असतो पण त्याच्यात शिरणारं पाणी काय आहे हे त्याच्या ऑपरेटरलाही सांगता येत नाही. शेतीला किंवा थर्मल पॉवर स्टेशनच्या कूलिंगला ते पाणी चालेलही, नागपूरचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातंच आणि ते उत्तम काम आहे, पण प्यायच्या दिशेने एक पाऊल जरी टाकायचं असेल तरी नाल्यापासून सुरुवात करून भागणार नाही.

दुसरी कडी गाम्माम्स. इथे आपल्यासारखीच अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज पद्धत आहे, म्हणजे हवा देऊन वाढवलेले जीवाणू घाण खातात, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस काढण्यावर भर देऊन चालवलेली. याचं कारण तांत्रिक आहे पण समजायला सोपं आहे. पुढच्या प्लान्टमध्ये ओझोन आहे, कार्बन आहे, मेम्ब्रेन म्हणजे अतिबारीक छिद्रांचे पडदे आहेत, पण यातलं काहीच नायट्रेट काढत नाही. नायट्रेट विरघळलेलं असतं, ते यातून सरळ पार होतं, आणि जास्त नायट्रेट असलेलं पाणी बाळांसाठी धोक्याचं. म्हणजे गाम्माम्सला जीवाणूंनी ते काम केलं नाही तर पुढे कोट्यवधींची यंत्रं असूनही उपयोग नाही. अमोनियाचंही तसंच, गाम्माम्सला हवा कमी पडली, लोड वाढला, अमोनिया वर गेला की पुढे क्लोरीन त्यातच खर्च होतो आणि सगळं गणित बिघडतं. म्हणून मला नेहमी वाटतं की आधीचा साधा, कंटाळवाणा एसटीपी नीट चालवणं हेच अर्धं काम आहे, त्याचे फोटो कुणी छापत नाही एवढंच.

जुन्या प्लान्टमध्ये चार-पाच वेळा सुधारणा झाल्या. सुरुवातीच्या काळात तर साबणाच्या फेसाचा मोठा त्रास होता, तेव्हाची डिटर्जंटं सहज कुजायची नाहीत, म्हणून फेस मुद्दाम तयार करून वरून काढून टाकायची एक वेगळी पायरीच होती. नंतर साबण बदलले, पायरी गेली. असं शिकत शिकत शेवटी २००२ मध्ये शेजारीच नवा गोरेआंगाब प्लान्ट सुरू झाला, क्षमता दिवसाला २ कोटी १० लाख लिटर, म्हणजे २१ एमएलडी. कर्ज जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं आणि युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचं. चालवायला २० वर्षांच्या करारावर विंगॉक नावाची कंपनी, तिच्यात वेओलिया, बर्लिनवासर आणि वाबाग असे तीन भागीदार होते. यातल्या वाबागचं आपल्याशी नातं आहे, ऑस्ट्रियातली ही मूळ कंपनी २००७ मध्ये तिच्याच भारतीय शाखेने विकत घेतली आणि आता तिचं मुख्यालय चेन्नईला आहे. म्हणजे ज्ञान कुठेतरी लांब परदेशात अडकलंय असं म्हणायलाही आता जागा नाही.

नव्या प्लान्टमध्ये पाणी काय काय सोसतं ते सांगतो, जरा लांबेल पण यातली प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे कळलं तरच पुढचं कळेल. मूळ आखणीत अर्धं पाणी गोरेआंगाब धरणाचं आणि अर्धं गाम्माम्सचं असं मिश्रण घ्यायचं होतं, पण धरणाचं पाणी इतकं खराब झालं की शुद्ध केलेलं मैलापाणीच त्याच्यापेक्षा बरं ठरलं आणि भर गाम्माम्सवरच आला. पाणी आत आलं की गरजेप्रमाणे कार्बनची पूड टाकतात, मग थोडा ओझोन देतात, मग फेरिक क्लोराईड टाकून बारीक कण एकमेकांना चिकटवून त्यांचे गोळे बनवतात. आपल्याकडच्या जलशुद्धीकरण केंद्रात हे गोळे खाली बसवतात, तिथे ते वर तरंगवतात, खालून अतिशय बारीक हवेचे बुडबुडे सोडतात आणि गाळ दुधावरच्या सायीसारखा वर येतो आणि तो काढून घेतात. कारण सांडपाण्याच्या तळ्यांमधून येणारं शेवाळ हलकं असतं, ते खाली बसायला तयारच होत नाही, हा धडा त्यांना जुन्या प्लान्टनेच शिकवला.

त्यानंतर पोटॅशियम परमँगनेट आणि कॉस्टिक सोडा देऊन वाळूच्या फिल्टरमधून पाणी जातं, तिथे लोह आणि मँगनीज अडकतं. मग येतो मुख्य ओझोन. ओझोन जंतू मारतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण इथे त्याचं दुसरं काम तितकंच मोठं आहे, तो मोठे, न कुजणारे सेंद्रिय रेणू तोडून लहान करतो. हे लहान तुकडे पुढच्या टाकीत कार्बनच्या दाण्यांवर वाढलेले जीवाणू खाऊन टाकतात. त्यानंतर परत कार्बन, यावेळी जीवाणूंसाठी नाही तर उरलेलं शोषून घेण्यासाठी, तेही दोन टप्प्यांत. मग अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेन, ज्यांची छिद्रं एका मायक्रॉनपेक्षा (मिलीमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) कितीतरी बारीक, त्यातून क्रिप्टोस्पोरिडियमसारखे क्लोरीनला दाद न देणारे जीवही जात नाहीत कारण ते ४ ते ६ मायक्रॉनचे असतात. शेवटी क्लोरीन, आणि पाईप गंजू नयेत म्हणून कॉस्टिकने पाण्याचा पीएच सावरतात.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की कुठल्याही एका धोक्यासाठी एकाच पायरीवर विसंबलेलं नाही. जंतूंसाठी ओझोन आहे, मेम्ब्रेन आहे, क्लोरीन आहे, फिल्टरही थोडे अडवतात. एक पायरी त्या दिवशी कमी पडली तर दुसरी आहे. आणि काही पायऱ्या राखीव, कार्बनची पूड रोज लागतेच असं नाही, वास-चव बिघडली किंवा आधीच्या केंद्रात काही गडबड झाली तर ती वापरायची.

आरओ, म्हणजे पाणी दाबाने ढकलून त्यातले क्षारही अडवणारं मेम्ब्रेन, इथे नाहीये. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं कारण आपल्या डोक्यात शुद्ध पाणी म्हणजे आरओ असंच बसलंय. सिंगापूर आरओ वापरतं कारण त्याला समुद्र आहे, उरलेलं खारट पाणी कुठेतरी सोडता येतं. विंडहुकसारख्या समुद्रापासून लांब, कोरड्या शहरात ते खारट पाणी टाकायचं कुठे हा न सुटणारा प्रश्न, शिवाय आरओमध्ये पाण्याचा बराच हिस्सा वाया जातो आणि जिथे थेंबासाठी हे सगळं उभं केलंय तिथे तो परवडत नाही. पण आरओ नसल्याची किंमतही आहे. क्षार निघत नाहीत. माणूस पाणी वापरतो तेव्हा त्यात मीठ वाढतं, तेच पाणी परत परत फिरलं की क्षार साठत जातात. म्हणून मिश्रणाची मर्यादा, शुद्ध केलेलं सांडपाणी एकूण पुरवठ्याच्या जास्तीत जास्त ३५ टक्क्यांपर्यंतच, बाकी धरणाचं आणि बोअरचं. साधारण वर्षात शहराच्या पाण्याचा चौथा हिस्सा या प्लान्टमधून येतो. म्हणजे ताजं पाणी अजिबात नको असं नाही, ते लागतंच, आणि कुणी शंभर टक्के पुनर्वापराचं स्वप्न दाखवत असेल तर त्याला आधी क्षारांचं काय करणार हे विचारावं.

आता तिसरी कडी, चालवण्याची शिस्त. प्लान्टमध्ये जागोजागी ऑनलाईन मीटर आहेत, नमुने सतत घेतले जातात, ऑपरेटरच्या स्वतःच्या टेस्ट वेगळ्या आणि महापालिकेच्या वेगळ्या. करारात प्रत्येक घटकासाठी मर्यादा लिहिल्यात आणि त्या पाळल्या नाहीत तर ऑपरेटरला पैशाचा फटका आहे. पण दंडापेक्षा महत्त्वाचं हे की एखादी मर्यादा ओलांडली तर पाणी शहराकडे जातच नाही, प्लान्ट पाणी आतल्या आत फिरवत राहतो आणि कारण सापडून दुरुस्त होईपर्यंत पुरवठा थांबतो. गाम्माम्सचं पाणी खराब आलं तर ते आत घेतलंच जात नाही.

हे वाचायला साधं वाटतं पण विचार करा, उन्हाळा आहे, धरणं खाली गेलीत, नगरसेवकांचे फोन येतायत आणि तुम्ही चौथा हिस्सा पाणी देणारा प्लान्ट एका आकड्यासाठी बंद करताय. हे करायला प्लान्टच्या माणसाला तेवढा अधिकार लागतो आणि वरच्या माणसाने त्याच्या मागे उभं राहावं लागतं. आपल्याकडे रिपोर्ट खराब आला तर नमुना परत घ्या असं सांगायची सवय आहे, आणि जोपर्यंत ती आहे तोपर्यंत कितीही महागडा प्लान्ट पिण्यासाठी पाणी देऊ शकणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकांचा स्वीकार याच शिस्तीशी बांधलेला आहे. सुरुवातीच्या दशकांत शुद्ध केलेलं पाणी पिणाऱ्या वस्त्या आणि न पिणाऱ्या वस्त्या यांच्यातलं जुलाबाचं प्रमाण तपासलं गेलं, संबंध आढळला नाही. १९६८ पासून आजवर या पाण्यामुळे साथ आल्याची नोंद नाही. शाळेतली मुलं प्लान्ट बघायला येतात, शहरातल्या लोकांना याचा अभिमान वाटतो. याच्या शेजारी ऑस्ट्रेलियातलं टूवुम्बा ठेवून बघा, तेही समुद्रापासून आत, तेही दुष्काळात सापडलेलं मध्यम शहर, तिथे २००६ मध्ये सांडपाणी पुनर्वापरावर सार्वमत घेतलं आणि जवळपास ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. तिथे तंत्रज्ञान कमी नव्हतं, पैसाही होता. पण लोकांसमोर गोष्ट आली ती आधी "हे प्या" अशी, विश्वासाचा इतिहास काहीच नव्हता.

२०१६ हे वर्ष मला या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. त्या वर्षी विंडहुकची तिन्ही धरणं जवळजवळ कोरडी पडली होती, आणि त्याच वर्षी आपलं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. दोन्ही शहरं आकाराने जवळजवळ सारखी, २०११ च्या जनगणनेत विंडहुक सव्वातीन लाख, लातूर पावणेचार लाखांच्या वर. पाऊस तर लातूरला विंडहुकच्या दुपटीच्या आसपास. लातूरची पहिली गाडी एप्रिलमध्ये पाच लाख लिटर घेऊन आली, नंतर ५० वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. विंडहुकचा प्लान्ट पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला २१० लाख लिटर देतो, म्हणजे अशा आठ गाड्यांपेक्षा जास्त, रोज. रेल्वेने आणि मिरजेच्या लोकांनी तेव्हा जे केलं त्याबद्दल मनापासून आदर आहे, लातूरकर ते विसरणार नाहीत, पण तेवढ्या काळात लातूरमधूनच किती पाणी वापरून नाल्यात गेलं असेल याचा विचार डोक्यातून जात नाही.

अर्थात विंडहुक तेव्हा फक्त प्लान्टवर तरलं असं नाही. शहराच्या दक्षिणेला डोंगराखाली खडकाच्या भेगांमध्ये पाणी धरणारा मोठा भूजलसाठा आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी धरणात पाणी जास्त असलं की ते शुद्ध करून बोअरमधून मुद्दाम या साठ्यात भरतात, कारण जमिनीत त्याचं बाष्पीभवन होत नाही. त्याच हिशोबाने स्वाकोपपूर्ट आणि ओमाताकोचं पाणी व्हॉन बाखमध्ये आणून ठेवतात, तिथे बाष्पीभवन कमी होतं म्हणून. २०१६ ला हे भूजल, आणीबाणीत मारलेले नवे खोल बोअर, कडक पाणीबचत आणि गोरेआंगाबचा प्लान्ट या सगळ्यांनी मिळून शहर तगलं. शिवाय १९९३ पासून बागा आणि मैदानांसाठी वेगळी पाईपलाईन आहे, नवा प्लान्ट आल्यावर जुना गोरेआंगाब प्लान्ट त्याच कामाला लावला, म्हणजे झाडांना प्यायचं पाणी घालायची वेळ येत नाही.

हे सगळं लिहिताना तिथल्या उणिवाही लिहायला हव्यात. स्वातंत्र्यानंतर खेड्यांतून लोक शहरात आले, गोरेआंगाब धरणाच्या वरच्या अंगाला मोठ्या अनौपचारिक वस्त्या वाढल्या, तिथे पुरेसे संडास नाहीत, गटारं नाहीत, लोक सार्वजनिक नळावर प्रीपेड पद्धतीने पाणी विकत घेतात. त्या वस्त्यांची घाण ओढ्यांतून धरणात येते, धरण खराब झालं ते त्यामुळेच. म्हणजे जगाला शुद्धीकरण शिकवणाऱ्या शहरात हजारो लोकांच्या घरी ना नळ ना गटार. ज्या घराला गटार नाही त्या घराचं पाणी परतही येत नाही, त्यामुळे हा न्यायाचा प्रश्न आहेच पण पाण्याच्या हिशोबाचाही आहे. दुसरीकडे गाम्माम्सवर भार वाढत चाललाय, आणि पिण्यासाठीच्या दुसऱ्या प्लान्टचं नियोजन बरीच वर्षं चालू आहे.

आपल्याकडे ओढून आणायचं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३६ एमएलडी. त्यामुळे सोलापूर-लातूरने उद्या पिण्यासाठी पुनर्वापर सुरू करावा असं माझं म्हणणं अजिबात नाही, ती घाई धोक्याची ठरेल. बऱ्याच भागात भुयारी गटारच नाही, सेप्टिक टँकवर काम चालतं, आणि नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येतं तिथे गटारात वाहायलाच पाणी कमी. पण काही कामं अशी आहेत ज्यांना मोठं कर्ज लागत नाही. शहरातल्या प्रत्येक धंद्याची यादी करून कुणाचं पाणी कुठल्या चेंबरला जातंय हे नकाशावर आणणं, सोलापुरात डाईंगच्या युनिटपासून सुरुवात करता येईल. एसटीपीच्या तोंडाशी वर्षभर रोज नमुने घेऊन, दिवसाचे आणि रात्रीचे वेगवेगळे, अमोनिया, क्षार आणि धातू मोजत राहणं. आणि हे आकडे, चांगले असोत वा वाईट, महापालिकेच्या वेबसाईटवर जसेच्या तसे टाकणं. एवढं वर्षभर केलं की त्या शहराचं सांडपाणी बांधकामाला चालेल, एमआयडीसीला चालेल, शेतीला चालेल की त्याहून पुढे जाता येईल, हे ठरवायला हातात काहीतरी असेल. प्लान्टचं टेंडर त्यानंतर काढता येतं.